सहावं घर

बाबालाल मिस्त्री बोलताना समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे कधी बघत नसत, कानांकडे बघत. नव्या माणसाला वाटे की आपल्या कानाला काहीतरी लागलंय, आणि तो हळूच हात लावून बघे. पहिल्या भेटीत मलाही तसंच वाटलं होतं, आणि घरी येऊन मी आरशापुढे दोन्ही कान तपासले होते. पुढे रोज संध्याकाळी त्यांच्याकडे बसायला लागल्यावर कारण कळलं. डोळे माणूस स्थिर ठेवू शकतो, तोंडही घट्ट मिटून धरू शकतो, पण आतून चुळबूळ सुरू झाली की ती आधी कानाच्या कडेला दिसते, असं त्यांचं म्हणणं होतं. फोटोत कान स्वच्छ आले म्हणजे सगळा माणूस आला.

त्यांचा स्टुडिओ गंगावेशीत होता. खाली पितळी भांड्यांचं दुकान आणि वर अर्धं छप्पर काचेचं असलेली मिस्त्रींची खोली. महाराजांच्या कारकीर्दीतली गोष्ट आहे ही. कोल्हापुरात तेव्हा फोटो काढून घेणं म्हणजे लग्नाला निघाल्यासारखी तयारी असे. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. शाळा सुटली की मिस्त्रींकडे जाऊन काचांवर काम करायचं, हा माझा दुसरा धंदा. काम असं, की धुतलेल्या काचेवर बारीक पेन्सिल चालवून लोकांच्या गालावरचे देवीचे वण बुजवायचे. निम्म्या कोल्हापूरला मी गुळगुळीत केलं, आणि एकानेही कधी आभार मानले नाहीत, कारण फोटोत दिसतो तसाच आपला चेहरा आहे यावर प्रत्येकाचा विश्वास होता.

फोटो काढताना मिस्त्री भिंगावरची पितळी टोपी उचलत, सहापर्यंत मोजत आणि टोपी परत घालत. मोजायच्या आधी गिऱ्हाइकाला एकच वाक्य सांगत, “सहा आकडं माझं, बाकीचा जलम तुमचा.” मग श्रीमंत असो की गरीब, ते सहा आकडे संपेपर्यंत कुणी श्वास घेत नसे. एकदा एक नावाजलेला पैलवान खांद्यावर गदा घेऊन फोटोला उभा राहिला. चौथ्या आकड्याला त्याची पापणी लवली, पाचला गदा हलली. काच वाया गेली. मिस्त्री त्याच्या फुगलेल्या कानांकडे बघत शांतपणे म्हणाले, “पैलवान, सहा आकडं उभं ऱ्हायला येत न्हाय, आनि कुस्ती कशी मारताय?” मी पेन्सिल खाली ठेवून जिन्याकडे बघितलं, पळायचं झालं तर रस्ता मोकळा असावा म्हणून. पैलवान लाल झाला, परत उभा राहिला, आणि सहा म्हणताच खुर्ची शोधत खाली बसला. दंगलीतसुद्धा एवढा घाम येत नाही म्हणाला.

मिस्त्रींचे वडील संस्थानच्या शिलेखान्यात बंदुका दुरुस्त करत, म्हणून हे नाव. मुलाने बंदूक सोडून कॅमेरा धरला, पण बापाची एक सवय त्याच्या हातात राहिली. दुरुस्तीला आलेली बंदूक भरलेली निघाली, तर वडील तिच्या घोड्याला दोरी बांधून ठेवत. त्या दोरीची गाठ ठरलेली होती, एक फास, त्यावर उलटा दुसरा, आणि टोक खाली दाबलेलं. ती गाठ दिसली की शिलेखान्यातला कुणीही त्या बंदुकीला हात लावत नसे. मिस्त्री तीच गाठ काचांना बांधत.

हे थोडं समजावून सांगायला हवं. त्या काळच्या मोठ्या कॅमेऱ्यात काच घालावी लागे, आणि ती फोटो काढेपर्यंत व काढल्यावरही अंधारात ठेवावी लागे. त्यासाठी एक चपटी लाकडी पेटी असे, तिला वर सरकणारी फळी. मिस्त्री त्या पेटीला ‘घर’ म्हणत. घर कॅमेऱ्यात बसवायचं, फळी ओढायची, टोपी काढून मोजायचं, टोपी घालून फळी लावायची. मग लाल कंदिलाच्या खोलीत नेऊन काच औषधात धुवायची, तेव्हा कुठे तिच्यावर माणूस उमटतो. त्याआधी उजेड आत शिरला तर सगळं संपलं. म्हणून काच भरलेल्या घराला मिस्त्री दोरी गुंडाळत आणि वडिलांची गाठ मारत. त्यांच्याकडे अशी सहा घरं होती, सागवानी, त्यांनी स्वतः करवून घेतलेली.

त्यांना एकच मुलगी होती, जुबेदा. सगळे जुबी म्हणत. सात वर्षांची ही पोर सहा आकडे सोडा, एक आकडासुद्धा एका जागी बसत नसे. मिस्त्रींनी तिचा फोटो काढायचा किती वेळा प्रयत्न केला, त्याची मोजदाद मीच सोडून दिली होती. काच धुतली की तिच्यावर एक खुर्ची, खुर्चीवर धूर आणि धुराखाली परकराचा काठ, एवढंच निघे. “सगळ्या कोल्हापूरला बसवलं मी, हिला तेवढं बसवता येत न्हाय,” असं ते म्हणत आणि ती काच खरवडून टाकत. पोर तोवर जिन्यावरून खाली गेलेली असे आणि भांड्यांच्या दुकानातल्या घंगाळात तोंड घालून आपला आवाज घुमवत बसे.

एका दुपारी ती आपण होऊन वर आली. खुर्चीवर चढून बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, “अब्बा, आज काढा. आज मी हलत न्हाय.” मी तिथेच होतो. मिस्त्रींनी सहावं घर कॅमेऱ्यात बसवलं, फळी ओढली आणि टोपी काढली. त्यांनी सहापर्यंत मोजलं आणि पोर खरंच हलली नाही. टोपी घालताना मिस्त्री हसले. मोठ्याने हसले. मी त्यांना तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. मग ते तिला म्हणाले की उतर आता, झालं, आणि ती उतरली नाही. त्यांनी उचलून घेतलं तेव्हा तिचं अंग तापलेलं होतं. घाईत त्यांनी फळी लावून घराला दोरी बांधली, कोनाड्यात टाकलं आणि पोरीला घेऊन खाली गेले. चौथ्या दिवशी जुबी गेली.

नंतर मिस्त्री स्टुडिओत आले, त्या दिवशी मी मनाशी चार वाक्यं जुळवून गेलो होतो. त्यांनी माझ्या कानांकडे बघितलं आणि म्हणाले, “इनामदारांची काच ऱ्हायलीया तुमच्याकडं.” मी काच काढून दिली. जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. त्या दिवसांत आम्हा दोघांना काहीच वाटत नव्हतं. गिऱ्हाइकं येत होती, टोपी उघडत होती, मिटत होती, मी वण बुजवत होतो. दुःख झालं असं म्हणायलासुद्धा आत काहीतरी हलावं लागतं, ते हलत नव्हतं. पुढची दोन वर्षं आमची तशीच गेली. स्टुडिओत पाच घरं फिरत राहिली आणि सहावं कोनाड्यात राहिलं, गाठ बांधलेलं.

ते का धुतलं नाही, हे मी विचारलं नाही. घरी त्यांच्या बायकोने, शरिफाभाभींनी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की ती त्यात बसलीय, बसू दे. हे भाभींनीच मला पुढे सांगितलं.

दोन वर्षांनी एक जहागीरदार विलायतेला निघाले. त्यांचा मुलगा तिकडे बॅरिस्टरी शिकत होता आणि बापाला त्याला भेटायचं होतं. बाईसाहेबांना समुद्र ओलांडायला घरच्यांची परवानगी नव्हती. मुलगा कुठल्या खोलीत राहतो, वाटेत काय काय लागतं, आगबोट आतून कशी असते, हे सगळं त्यांना बघायचं होतं. म्हणून जहागीरदारांनी मिस्त्रींना बरोबर घ्यायचं ठरवलं. रोज सहा फोटो काढायचे, असा हुकूम झाला. कारभाऱ्याने येऊन सामानाचा कायदा सांगितला. बोटीवर खोलीत एकच ट्रंक ठेवता येईल. बाकीचं बोटीच्या पोटात जाईल, आणि पोटात गेलेलं सामान बंदर येईपर्यंत हाताला लागत नाही. जाता जाता त्याने जहागीरदारांनी मुंबईहून मागवलेला एक लहान कॅमेराही ठेवला. हातात धरायचा, काचेऐवजी आत फिल्मची गुंडाळी. मिस्त्रींनी तो कानाजवळ नेऊन हलवून बघितला. “डबडं,” म्हणाले, आणि खिडकीत ठेवून दिलं.

त्यानंतरचे तीन आठवडे आम्ही ट्रंक भरत होतो. स्टुडिओ बंद करून मिस्त्रींनी सगळं सामान घरी आणलं आणि बाहेरच्या खोलीत तीन ढीग मांडले. एक न्यायचं, एक न न्यायचं, आणि एक बघू. मोठा कॅमेरा, त्याचा चामड्याचा भाता, तीन भिंगं, तिपाई, काळं कापड, लाल कंदील, औषधांच्या बाटल्या, काचांचे पुडे. माणूस मोठा शिस्तीचा. समुद्रावर काय होतं हे माहीत नसताना ट्रंक भरायची नाही, असं त्यांनी ठरवलं. मी एकदा रत्नागिरीहून मुंबईला बोटीने गेलेलो, म्हणून मी त्यांचा समुद्राचा जाणकार ठरलो. आगबोट हलते कशी, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की मला त्या प्रवासातली फक्त बादली आठवते.

मग त्यांनी स्वतःच शोध घेतला. भांडीवाल्या शेटजींच्या घरी माजघरात झोपाळा होता. मिस्त्रींनी त्याच्यावर तिपाई दोरीने बांधली, वर कॅमेरा चढवला, आणि स्वतः कडीला धरून उभे राहिले. समोर शेटजी कडक इस्त्रीचा कोट घालून बसले. झोका द्यायचं काम माझ्याकडे. “जोरात न्हाय मास्तर, समिंदरावानी,” असं सांगितलं, म्हणून मी समुद्रासारखे झोके दिले. काच धुतल्यावर शेटजींना चार डोळे निघाले. मिस्त्रींनी ती उजेडात धरली आणि म्हणाले, “कान एक बी न्हाय.” शेटजींना मात्र तो फोटो हवाच होता. चार डोळे ते नंतर वर्षभर आल्यागेल्याला दाखवत होते.

दुसऱ्या वेळी आम्ही रंकाळ्यावर गेलो. होडीत तिपाई उभी केली, मिस्त्री काळ्या कापडात शिरले, आणि काठावर शंभर माणसं सल्ला द्यायला उभी राहिली. “पावणं, बुडलासा तर फोटो कोन काढनार?” असं एकाने ओरडून विचारलं. त्या फोटोत राखी रंगाचं धुकं आणि एक तिरपी रेघ निघाली. खाऱ्या पाण्यात काच धुता येते का, हे बघायला त्यांनी घरातलं सगळं मीठ हंड्यात ओतलं. ओल्या गोणपाटाखाली चार दिवस काचा ठेवल्या, तेव्हा त्यांच्यावर बुरशी आली. प्रत्येक वेळी एकच निघत होतं, की मोठ्या कॅमेऱ्याचं बोटीवर काही खरं नाही. आणि प्रत्येक वेळी ते मोठा कॅमेरा परत न्यायच्या ढिगात ठेवत होते. मला गंमत वाटत होती. एवढी वर्षं ज्याच्या जोरावर कान आणले, तो कॅमेरा सोडायला जीव धजत नसणार, असं मी धरून चाललो होतो.

मग माझ्या लक्षात आलं की ढीग बदलतात ते कॅमेऱ्यामुळे नाही. रोज मी आलो की सहावं घर वेगळ्या ढिगात असे. सोमवारी न्यायच्या, मंगळवारी न न्यायच्या, बुधवारी बघूच्या. बाकीचं सामान त्याच्या मागून फिरत होतं.

एकदा मिस्त्री औषधं आणायला गेले होते. भाभी आतल्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्या सहसा माझ्याशी चहापलीकडे बोलत नसत. म्हणाल्या, “मास्तर, त्यास्नी जरा सांगा. जायच्या आदी येकदा धुवून दाखवा म्हनावं. तिची कापडं सुदीक वाटून टाकली. माज्याकडं तिचं काय बी न्हाय. आनि पान्यावरचा माणूस, परत येतोय का न्हाय कुनाला ठावं?” बोलताना त्यांचा आवाज अगदी सरळ होता, भाजीचा भाव सांगावा तसा. मी सांगतो म्हणालो.

मिस्त्री आले तेव्हा मी सांगितलं. त्यांनी औषधाच्या बाटल्या आधी नीट मांडल्या. मग जमिनीवर बसले आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांकडे बघत बोलले.

“हललेली निघाली तर ती गेली. न्हाय हलली, तर मग ताप हुता म्हनून बसली हुती, आनि मी हसत हुतो. त्ये भिंतीवर लावून रोज बघायचं. आता ती नुसती बसलीया मास्तर. बसू दे की.”

मी आणखी काही बोलायला हवं होतं. त्या बाईला मुलीचं तोंड बघायचंय, तुमच्या हसण्याशी तिचं काय देणंघेणं, एवढं तरी म्हणता आलं असतं. मी पेन्सिलीला टोक काढत बसलो. आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

निघायच्या आदल्या दिवशी तिन्ही ढीग मोडलेले होते. मोठा कॅमेरा कापडात गुंडाळून माळ्यावर गेला होता. ट्रंकेत होतं ते डबडं, मेणाने तोंड बंद केलेल्या डब्यांतून फिल्मच्या गुंडाळ्या, आणि ज्याची आता काही गरज नव्हती ते काळं कापड. मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले की मोठा न्यायचा तर रोजच्या सहा फोटोंना सहा घरं पाहिजेत, पाचात भागत नाही, आणि सहावं आपण रिकामं करणार नाही. तसंच नेलं तर खारी हवा लागणार. म्हणून ते घरीच ठेवायचं, आणि सगळ्यात कोरडी जागा म्हणून चुलीमागच्या फडताळात. तीन आठवडे समुद्राची परीक्षा घेऊन त्यांनी एवढंच ठरवलं होतं. दमट हवा, मीठ, बुरशी, हिसके, सगळ्याचा विचार झाला होता.

स्टेशनवर मी पोहोचवायला गेलो. गळ्यात ते लहान डबडं अडकवलेलं, त्याची त्यांना चारचौघांत लाज वाटत होती, म्हणून वरून उपरणं घेतलं होतं. गाडी हलली तेव्हा ते खिडकीतून स्टेशन मास्तरच्या कानांकडे बघत होते.

महिनाभराने भाभींनी मला निरोप धाडला. भर दुपारची वेळ होती. त्यांनी सहावं घर माझ्यापुढे जमिनीवर ठेवलं. दोरी सुटलेली, शेजारी पडलेली.

“येकदाच बघितलं मी,” त्या म्हणाल्या. “त्ये म्हनायचे न्हवं का, ती त्यात बसलीया म्हनून. खिडकीत धरलं. दुदावानी पांढरं दिसलं. म्हनलं उजेड कमी पडत असंल, म्हनून अंगनात उनात नेलं. उलटं धरून बघितलं. मास्तर, कुटं बसलीया ती?”

फोटोवाल्याच्या बायकोला हे ठाऊक नसावं, असं कुणाला वाटेल. पण त्या स्टुडिओत कधी आल्याच नव्हत्या. घरी येत त्या धुतलेल्या काचा, चुलीपाशी वाळायला ठेवलेल्या. त्या खिडकीत धरल्या की आत माणसं दिसत. धुणं म्हणजे भांडं विसळावं तसं, माणूस काचेत आधीपासूनच असतो, अशी त्यांची समजूत. जुबीसुद्धा तशीच दिसेल, असं त्यांना वाटलं. आणि त्यांना ते तसं वाटावं असंच नवऱ्याने दोन वर्षं सांगितलं होतं.

मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवत आलोय की चेंडूवर उजेड कसा पडतो, सावली कुठे येते. त्या दुपारी उजेडाचं एकच वाक्य सांगायचं होतं. म्हणालो की भाभी, धुवायच्या आधी उजेड लागला की त्यात काही राहत नाही.

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, “म्हंजे मीच पुसली व्हय तिला?”

त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फळी नीट बसवली, दोरी उचलली, घराभोवती दोन वेढे दिले आणि बांधली. “त्यास्नी सांगू नगासा,” एवढं म्हणाल्या आणि घर परत फडताळात ठेवलं. मी नाही सांगणार म्हणालो आणि घरी आलो. त्या संध्याकाळी मी जेवलो, वह्या तपासल्या, झोपलोही. आत काही हललं नाही.

चार महिन्यांनी मिस्त्री परत आले. जरा वाळले होते, पण तब्येत ठीक होती. छापलेले फोटो त्यांनी चटईवर मांडले. समुद्र, शिड्या, दोरखंड, पंगतीसारखं लांब टेबल, जहागीरदारांचा मुलगा टोपी हातात घेऊन. सगळे तळहाताएवढे. एका फोटोत कुणा साहेबाची लहान पोरगी बोटीवर पळत येत होती. केस उडालेले, तोंड उघडं, दोन्ही पाय अधांतरी. कान मात्र स्वच्छ आले होते. मिस्त्रींनी तो फोटो माझ्या हातात दिला.

“पळत्यालं पोर बी येतंय ह्यात,” ते म्हणाले. “मोजायला सुदीक लागत न्हाय.”

मी फोटो बघत राहिलो आणि वर बघितलं नाही. मग ते आत गेले आणि फडताळातून सहावं घर घेऊन आले. हातात धरून त्यांनी ते उलटसुलट केलं, वरून अंगठा फिरवला. आतल्या दारात भाभी उभ्या होत्या. “कोरडं ऱ्हायलंय,” मिस्त्री म्हणाले, आणि घर बाहेरच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवून दिलं. भाभी चहा करायला वळल्या.

आज ना उद्या ते धुतील, या धास्तीत मी कित्येक महिने काढले. त्यांनी धुतलं नाही. वर्षं गेली. दोघं नवराबायको त्या घराबद्दल बोलताना मी ऐकत असे. भाभी म्हणत, तिथं नगा ठेवू, ऊन येतंय. मिस्त्री ते सरकवून ठेवत. तिसऱ्या माणसाला वाटावं, खरंच आत कुणी बसलंय. खरं काय ते या घरात भाभींना ठाऊक आहे आणि बाहेर मला, असं मी समजून होतो, आणि मिस्त्रींची मला कीव येत असे.

पुढे मिस्त्रींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. स्टुडिओ बंद झाला. मी नोकरीतून मोकळा होऊन मुलाकडे पुण्याला जायला निघालो, तेव्हा निरोप घ्यायला गेलो. तीच आमची शेवटची भेट. त्या दिवशी मिरजेचा एक तरुण फोटोवाला मोठा कॅमेरा विकत न्यायला आला होता. त्याने तिपाई बघितली, भिंगं बघितली, घरं मोजली आणि सहावं कुठाय म्हणून विचारलं. “पाचच हायत,” मिस्त्री म्हणाले. तो सामान घेऊन गेल्यावर खोली रिकामी झाली. मला राहवलं नाही. एवढ्या वर्षांनी, जाता जाता, माझ्या तोंडून निघून गेलं की मिस्त्री, त्या घराचं मला तुम्हाला काहीतरी सांगायचं राहिलंय.

“त्ये रिकामं हाय मास्तर,” ते म्हणाले.

मी निघायला उठलो होतो, तो परत खाली बसलो.

“विलायतेस्नं आलो त्याच दिशी कळलं. गाठ कबनूरची हुती.”

भाभींचं माहेर कबनूरचं. घरात हातमाग. मागावर तुटलेला धागा जोडतात ती बारीक, चपटी गाठ त्यांच्या बोटांत लहानपणापासून बसलेली, दुसरी त्यांना येतच नसे. मी ड्रॉइंग मास्तर, रेघेवर पोट भरणारा, आणि त्या दुपारी समोर बसून मला ती दिसली नव्हती. मी विचारलं की मग इतकी वर्षं बोलला का नाहीत.

“तिला बघायचं हुतं, तिनं बघितलं. माजी छाती न्हाय झाली. चूक कुनाची?” ते म्हणाले. “मला ठावं हाय असं तिला कळलं तर ती जगायची न्हाय.”

बोलता बोलता त्यांनी कोनाड्यात हात घालून घर काढलं आणि मांडीवर घेतलं. शुक्रवार होता, धूळ पुसायचा दिवस. त्यांनी दोरी सोडली, धोतराच्या सोग्याने चारी कडा पुसल्या आणि दोरी परत गुंडाळली. डोळ्यांनी दिसत नव्हतं, सगळं बोटांनी चाललं होतं. बापाची गाठ त्यांनी मारली नाही. दोन्ही टोकं एकमेकांत अडकवून बारीक, चपटी गाठ मारली आणि ती तशीच बसलीय ना हे अंगठ्याने दोनदा चाचपून बघितलं.

भाभी चहा घेऊन दारात आल्या होत्या.

“हळू पुसा,” त्या म्हणाल्या. “ती बसलीया.”

“व्हय,” मिस्त्री म्हणाले, आणि तोंड त्यांच्या आवाजाकडे वळवून बसले, जिथे कान असावेत तिकडे.